कपाळावरची पट्टी: अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूतला ऑक्सिजन आणि आईबाबा नेहमी विचारतात ते प्रश्न

सोलापुरात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात मी सिस्टर आहे. आमच्या दाराबाहेरच्या बाकावर दिवसरात्र कोणी ना कोणी बसलेलं असतं. अक्कलकोटहून आलेला बाप, मोहोळची आत्या, विड्या वळायचं सूप तसंच टाकून आलेली आज्जी. बाळ आत पेटीत, आई अजून बाळंतिणींच्या वॉर्डात, आणि काचेतून दिसतात त्या नुसत्या वायरी. त्यात कपाळावरची पट्टी सगळ्यांच्या डोळ्यांत भरते आणि पहिला प्रश्न तिच्यावरच येतो. दारात उभ्या उभ्या दोन मिनिटांत जे सांगून होत नाही, ते इथं निवांत लिहिलं आहे. प्रश्न तुमचेच आहेत, साधारण तुमच्याच शब्दांत.

ओ सिस्टर, बाळाच्या कपाळावर ते काय चिकटवलंय? मेंदूला काय झालंय का?

काही झालेलं नाही. होऊ नये म्हणून नजर ठेवलेली आहे.

पट्टी म्हणजे मऊ, चपटा तुकडा. त्यात एक बारीक दिवा असतो आणि त्याच्यापासून अडीच ते चार सेंटिमीटरवर प्रकाश टिपणारे दोन ठिपके. वायर शेजारच्या यंत्राला जाते आणि पडद्यावर एक टक्केवारी दिसते. पट्टीखाली मेंदूचा जो भाग आहे, त्यातल्या रक्तात किती ऑक्सिजन आहे याची ती टक्केवारी. यंत्राचं नाव टिश्यू ऑक्सिमीटर. वॉर्डात आम्ही त्याला ‘निर्स’ म्हणतो.

सुई टोचावी लागत नाही, रक्त काढावं लागत नाही, क्ष-किरण नाहीत. ही गोष्ट मोठी आहे. ८०० ग्रॅमच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून ७०-८० मिलिलीटर रक्त असतं, चहाच्या एका कपाइतकंही नाही. अशा बाळाचं रक्त तपासणीसाठी काढताना आमचा हात जड होतो. ते न काढता जेवढं कळेल तेवढं हवंच असतं.

ही पट्टी मुख्यतः २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांना आणि पहिल्या ७२ तासांसाठी लावतात. त्यांच्या मेंदूत आतल्या पोकळ्यांच्या कडेला रक्तवाहिन्यांचं एक कोवळं जाळं असतं. त्या वाहिन्यांच्या भिंती फार पातळ. रक्ताचा ओघ एकदम घटला किंवा एकदम वाढला तर त्या फुटू शकतात, आणि मेंदूत रक्तस्राव व्हायचाच असला तर तो बहुतेक वेळा पहिल्या ३ दिवसांत होतो. म्हणून हे ३ दिवस आम्ही डोळ्यांत तेल घालून बसतो.

पायाला आधीच लाल दिव्याची पट्टी आहे. तिथं ९४ दाखवतंय. मग ही दुसरी कशाला?

सोलापूरकराला हे उजनीवरून लगेच कळतं. उजनी किती टक्के भरलं, हे आपण पेपरात रोज बघतो. पण धरण भरलं म्हणून आपल्या घरचा हौद भरलेला असतोच असं नाही. पाणी कधी सुटलं, पाइपलाइन कुठं फुटली, घरात माणसं किती आणि वापर किती, यावर हौदात काय उरलं ते ठरतं.

पायावरचं यंत्र म्हणजे पल्स ऑक्सिमीटर. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते सुचवलं आणि आज ते जगभरातल्या अतिदक्षता कक्षांत वापरतात. ते नाडीचा ठोका पकडतं आणि हृदयाकडून निघालेल्या ताज्या रक्तात किती ऑक्सिजन आहे ते सांगतं. हा झाला उजनीचा आकडा.

कपाळावरची पट्टी ठोका बघत नाही. तिच्याखालच्या सगळ्या बारीक वाहिन्यांतलं रक्त ती एकत्र मोजते. त्यातलं साधारण ७० ते ७५ टक्के रक्त मेंदूला ऑक्सिजन देऊन परत निघालेलं असतं. म्हणजे मेंदूनं वापरून झाल्यावर हौदात काय उरलं, ते ती सांगते. म्हणूनच तिचा आकडा पायाच्या आकड्यापेक्षा नेहमी कमी असतो. तो कमी दिसला की घाबरू नका, तो कमीच असायला हवा.

दोन्ही आकडे शेजारी ठेवले की आणखी एक हिशेब निघतो. पायाला ९२ आहे आणि कपाळाला ६९. वजाबाकी २३, म्हणजे ९२चा पाव हिस्सा. आलेल्या ऑक्सिजनपैकी पाव भाग मेंदूनं घेतला. हाच हिस्सा तिसरा भाग, मग निम्म्याकडे सरकायला लागला तर समजायचं, मेंदूला रक्त कमी पोचतंय आणि जे येतंय त्यातून तो ओढून ओढून घेतोय. मला स्वतःला नुसत्या आकड्यापेक्षा ही वजाबाकी जास्त बोलकी वाटते.

हाडातून उजेड आत जातो कसा?

लहानपणी लाइट गेल्यावर बॅटरीवर तळहात धरून बघितलाय ना? बोटं लालभडक दिसतात. बाकीचे रंग मांसात आणि रक्तात अडकतात, लाल तेवढा पार होतो. त्या लालच्याही पलीकडे, साधारण ७०० ते १००० नॅनोमीटरचा जो प्रकाश आहे, तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण चामडी आणि हाडातून आणखी सहज जातो. १९७७ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात फ्रान्स योब्सिस यांनी या प्रकाशानं मेंदूतला ऑक्सिजन बाहेरून मोजता येतो हे दाखवलं, आणि १९८०च्या दशकात तो नवजात बाळांसाठी वापरायला सुरुवात झाली.

ऑक्सिजन असलेलं रक्त आणि नसलेलं रक्त हा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. किती प्रकाश पाठवला आणि किती परत आला यावरून यंत्र हिशेब करतं. दोन ठिपके अशासाठी की जवळच्या ठिपक्यावर वरवरचा, चामडी-हाडातून आलेला प्रकाश पडतो आणि लांबच्यावर खोलातून आलेला. एकातून दुसरा वजा केला की आतला भाग कळतो. मोठ्या माणसाचं कवटीचं हाड जाड, त्यामुळे तिथं अडचण असते. आपल्या बाळाचं कपाळ पानासारखं पातळ, म्हणून या लहानग्यांत ही पद्धत जास्त चांगली चालते.

त्याला दुखतं का? चटका तर बसत नाही ना?

प्रकाशानं काही होत नाही, त्याचा जोर अगदी मंद असतो. काळजी घ्यावी लागते ती चिकटपट्टीची.

२५-२६ आठवड्यांच्या बाळाची कातडी मी हातात मोजा घालूनसुद्धा जपून हाताळते. दुधावरची साय असते तशी ती ओली, चकचकीत, आणि आतल्या शिरा दिसणारी असते. त्यावर काहीही चिकटवून ओढलं तर वरचा थर निघून येऊ शकतो, आणि तिथून जंतू आत जातात. म्हणून इतक्या लहान बाळाला आम्ही शक्यतो गोंद लागू देत नाही. पट्टी मऊ कापडी फेट्याखाली अलगद ठेवतो, बांधतो तेही सैलसर. घट्ट बांधलं तर खालचं रक्त दबतं, वळ उठतो आणि आकडाही खोटा येतो. दर काही तासांनी फेटा उचलून खालची जागा बघायची, हलकी बदलायची. तुम्ही काचेतून बघता आणि सिस्टर सारखी बाळाच्या डोक्याशी काय करायलीय असं वाटतं ना, त्यातलं बरंचसं हेच असतं.

आमच्या बाळाचा आकडा ६४ आणि शेजारच्याचा ७८. आमचं कमी आहे का?

शेजारच्या पेटीकडे बघू नका. हे मी विनवणीच्या सुरात लिहिते आहे, कारण या तुलनेनं आयांची झोप उडालेली मी बघितली आहे.

साधारणपणे पहिल्या ३ दिवसांत मेंदूचा आकडा ५५ ते ८५च्या दरम्यान असावा असं धरतात. पण ही मर्यादा एका प्रकारच्या सेन्सरसाठी ठरलेली आहे. नवजात बाळांसाठीचे खास सेन्सर तेच रक्त मोजून साधारण १० अंक जास्त दाखवतात. कंपनी बदलली की आकडा बदलतो. त्याच बाळाच्या कपाळावर पट्टी थोडी सरकवली तरी पाच-सहा अंकांचा फरक पडतो. म्हणजे ६४ आणि ६८ मध्ये खरं तर काहीच फरक नाही.

आम्ही बघतो ती चाल. सकाळपासून ६८-७० वर असलेलं बाळ अर्ध्या तासात ५५वर आलं, तर ते कळवायचं. सुरुवातीपासून ६२वर शांत झोपलेलं बाळ तसंच ६२वर आहे, तर ते त्याचं घर आहे.

आणि जास्त आकडा म्हणजे चांगला असंही नाही. ८५च्या वर गेला तर ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त जातोय का, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढलाय का, हे बघावं लागतं. कधीकधी इजा झालेला मेंदू ऑक्सिजन वापरतच नाही, म्हणूनही हौद भरलेला दिसतो.

आकडा खाली गेला की तुम्ही नक्की काय करता?

सगळ्यात आधी बाळाकडे बघतो, मग यंत्राकडे. रंग कसा आहे, छाती हलते आहे का, पट्टी जागेवर आहे का. एकदा काविळीच्या निळ्या दिव्याखालच्या बाळाचा आकडा एकाएकी वेडावाकडा व्हायला लागला. मी धावले. फेट्याची एक कड उचलली गेली होती आणि बाहेरचा उजेड आत शिरत होता. कड बसवली, वरून जाड कापड घातलं, आकडा जागेवर आला. तेव्हापासून निळा दिवा लावला की पट्टीवर झाकण आधी, मग बटण.

पट्टी ठीक असेल तर मग एकेक कारण तपासायचं. पायाचा आकडाही पडलाय का? पडला असेल तर प्रश्न श्वासाचा. अपुऱ्या दिवसांची बाळं श्वास घ्यायला विसरतात, आणि त्यासाठी त्यांना कॅफिन देतात. होय, चहा-कॉफीतलंच ते, पण औषधाच्या मापात. पायाचा आकडा ठीक असेल तर रक्तदाब बघायचा. हिमोग्लोबिन कमी झालंय का बघायचं, कारण ऑक्सिजन वाहून नेणारं रक्तच कमी असेल तर हौद भरणार कुठून? हृदयाजवळची, जन्मानंतर आपोआप मिटायला हवी ती नळी उघडी राहून रक्त तिकडे वळतंय का, ते इकोवर बघायचं.

एक कारण असं आहे की जे या पट्टीशिवाय लवकर लक्षात येत नाही. व्हेंटिलेटरवरच्या एका बाळाची रात्र मला आठवते. पायाला ९४, रक्तदाब बरा, बाळ गुलाबी. कपाळाचा आकडा मात्र ६८वरून सावकाश उतरत ५१वर आला. डॉक्टरांनी रक्तातले वायू तपासले तर कार्बन डायऑक्साइड फार कमी झाला होता. बाळाची फुप्फुसं औषधानं सुधारली होती आणि यंत्र मात्र आधीच्याच जोरानं श्वास देत होतं. कार्बन डायऑक्साइड जास्त धुऊन निघाला की मेंदूच्या वाहिन्या आकसतात आणि रक्ताचा ओघ घटतो. यंत्राचा जोर कमी केला. वीसेक मिनिटांनी ६०, मग ६५. पायावरची पट्टी त्या सगळ्या वेळात ९४च सांगत होती. त्या रात्रीनंतर मी या यंत्राला मनापासून मानायला लागले.

मग सरळ ऑक्सिजन वाढवून टाका की. ऑक्सिजननं काय वाईट होणार आहे?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक बाप विचारतो आणि प्रेमापोटीच विचारतो. म्हणून याचं उत्तर लांबलं तरी वाचा.

१९४०च्या दशकात अमेरिकेत पेट्या सुधारल्या, ऑक्सिजन मुबलक झाला आणि अपुऱ्या दिवसांची बाळं वाचायला लागली. त्याच वेळी त्यातली अनेक आंधळी होऊ लागली. १९४२मध्ये बोस्टनच्या थिओडोर टेरी यांनी हा आजार पहिल्यांदा लिहून ठेवला. कारण कळायला आणखी वर्षं गेली. १९५१मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी बोट दाखवलं ते जास्तीच्या ऑक्सिजनकडे. मग जगानं ऑक्सिजनचा हात एकदम आखडता घेतला, तर डोळे वाचले आणि बाळं दगावायला लागली.

आज आपण ज्या मधल्या वाटेनं चालतो ती अशी दोन्हीकडे ठेचा खाऊन सापडली आहे. पुढे हजारो बाळांवर चाचण्या झाल्या. पायाचा आकडा ८५ ते ८९ ठेवलेल्या बाळांत मृत्यू जास्त दिसले, ९१ ते ९५ ठेवलेल्यांत डोळ्यांचा त्रास जास्त. म्हणून आता ऑक्सिजनवरच्या बाळाला साधारण ९० ते ९५ मध्ये ठेवतात. पडद्यावर १०० दिसलं की तुम्हाला हायसं वाटतं, आणि आम्ही ऑक्सिजन कमी करायला उठतो.

दूरच्या एका ठिकाणाहून आमच्याकडे आलेलं एक बाळ मी विसरत नाही. पूर्ण वाटभर नळी उघडी, ऑक्सिजन फुल्ल, पायाला काहीच लावलेलं नाही. आणणाऱ्यांनी आपल्या परीनं जीवच वाचवला होता. पुढे तपासणीत डोळ्यांच्या आतल्या पडद्यावर दोष निघाला, लेसर करावं लागलं, दृष्टी राहिली. ऑक्सिजन हे औषध आहे आणि औषधासारखाच तो मोजून द्यावा लागतो, हे मी तेव्हापासून शिकाऊ सिस्टरना पहिल्याच दिवशी सांगते.

या यंत्रामुळे बाळ वाचायची खात्री वाढते का?

खरं सांगते. आजवरच्या पुराव्यावरून, नाही.

युरोपातल्या एका चाचणीत १६६ बाळं होती आणि तिचा निष्कर्ष २०१५मध्ये आला. पट्टी बघून उपचार केले तर मेंदूतला ऑक्सिजन फार कमी किंवा फार जास्त होण्याचा भार निम्म्याहून खाली येतो, हे तिच्यात दिसलं. सगळ्यांना आशा वाटली. मग कोपनहेगनच्या गोर्म ग्राइसेन यांच्या पुढाकारानं मोठी चाचणी झाली, सेफबूस्क तीन. २८ आठवड्यांच्या आतली १६०१ बाळं, १७ देश. निष्कर्ष २०२३मध्ये आला. मृत्यू किंवा मेंदूची गंभीर इजा, पट्टी लावलेल्या गटात ३५.२ टक्के आणि नेहमीच्या देखरेखीच्या गटात ३४ टक्के. म्हणजे फरक नाही. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या लोकांनी जन्मानंतरच्या पहिल्या १५ मिनिटांत पट्टी वापरून ६०७ बाळांचा अभ्यास केला. तिथं आकडे थोडे चांगल्या बाजूला झुकले, पण छातीठोक म्हणावं इतके नाहीत.

मग मी या यंत्राचं एवढं कौतुक का करते? कारण त्या रात्रीसारख्या रात्री मी बघितल्या आहेत. पण एका सिस्टरच्या आठवणीतली एक रात्र आणि १६०१ बाळं, यात वजन कशाला द्यायचं हेही मला कळतं. यंत्र बघायला मदत करतं. बघितल्यावर काय करायचं ते माणसांना जमलं पाहिजे, आणि बाळाचं बरंवाईट आणखी पन्नास गोष्टींवर ठरतं: ऊब, आईचं दूध, हात धुणं, श्वास, जंतुसंसर्ग.

आम्ही आहोत तिथं हे यंत्र नाही. बाळाला पुण्याला हलवू का?

फक्त या पट्टीसाठी? मुळीच नाही. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर. व्हेंटिलेटरवरच्या हजार ग्रॅमच्या बाळाला त्या रस्त्यानं नेताना लागणारे हादरे, थंडी, नळी सरकण्याची भीती, हे सगळं या पट्टीच्या फायद्यापेक्षा कितीतरी मोठं आहे. शस्त्रक्रिया किंवा आणखी काही मोठं कारण असेल तर डॉक्टर स्वतःच सांगतील.

हलवायचंच असेल तर बाळ पोटात असताना हलवा. जगात आईच्या पोटासारखी दुसरी अॅम्ब्युलन्स नाही. सातव्या महिन्यात कळा आल्या, पाणी गेलं, तर करमाळा-सांगोल्याकडे घरी वाट बघत न बसता १०८ला फोन करून जिथं नवजात अतिदक्षता कक्ष आहे तिथंच जा. २४ ते ३४ आठवड्यांत आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं वेळेवर मिळाली तर बाळाची फुप्फुसं लवकर पिकतात आणि मेंदूतला रक्तस्रावही कमी होतो. त्या इंजेक्शनाची किंमत पट्टीच्या शंभराव्या हिश्श्याचीही नाही, आणि त्याचा पुरावा पक्का आहे.

खर्चाचं म्हणाल तर पट्टी एका बाळापुरतीच असते आणि ती काही हजार रुपयांची असते. सरकारी रुग्णालयात आजारी नवजाताचे उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. खासगीत दाखल असाल तर महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेच्या काउंटरवरच्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. पट्टीचे पैसे वेगळे सांगितले तर ‘हिच्याशिवाय उपचारात काय बदलेल?’ असं डॉक्टरांना विचारायला लाजू नका. दागिने मोडून पट्टी घेऊ नका.

तीट लावायची आहे. अंगारा आणलाय. आणि सटवाई लिहिणार कुठं?

या प्रश्नाला मी कधीच हसत नाही. पाचवीच्या रात्री एका आज्जींनी माझा हात धरून विचारलं होतं, “बाई, कपाळ तर तुम्ही झाकून टाकलं, सटवाई लिवणार कुठं?” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी फेट्याच्या वरची, पट्टी नसलेली बोटभर जागा त्यांना काचेतून दाखवली. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग मान हलवली.

पण काही गोष्टी खरंच टाळाव्या लागतात. काजळाची तीट काळी असते आणि काळा रंग प्रकाश गिळतो. पट्टीखाली तीट असेल तर आकडा चुकतो. हळद, कुंकू, भंडारा, तेल यांनी पट्टी बसत नाही आणि कोवळ्या कातडीला इजा होते. टाळू तेलानं भरायची घाई करू नका. त्याच टाळूतून आम्हाला मेंदूची सोनोग्राफी करायची असते. रक्तस्राव झालाय का ते त्यातूनच कळतं, पट्टीवरून नाही.

अक्कलकोटचा अंगारा किंवा सिद्धेश्वराची विभूती आणली असेल तर पुडी माझ्याकडे द्या. आम्ही ती बाळाच्या फाइलला, पेटीच्या बाहेर, चिकटवून ठेवतो. अशा कितीतरी पुड्या आमच्या फायलींवर आहेत.

बाहेर बेचाळीस डिग्री आहे आणि तुम्ही बाळाला गरम पेटीत ठेवलंय?

एप्रिल-मेमध्ये रोज ऐकते. आपल्या अंगाखाली चरबीचा थर आहे, घामाची सोय आहे. या बाळाकडे काहीच नाही. पातळ कातडीतून पाणी उडून जातं आणि पाण्याबरोबर ऊबही. त्याचं अंग ३६.५ ते ३७.५ डिग्री सेल्सिअसमध्येच राहिलं पाहिजे. गार पडलेलं बाळ ऊब तयार करायला ऑक्सिजन जाळतं, आणि मग सगळेच आकडे बिघडतात. पेटीतली ऊब आणि ओलावा मोजून ठेवलेला असतो, सोलापूरच्या उन्हासारखा नाही.

छातीशी धरलं तर वायरी निघतील. नकोच ना?

धरा! डॉक्टरांनी हो म्हटल्यावर एक तासही उशीर करू नका. वायरी सांभाळायला मी आहे.

कांगारू पद्धत १९७८मध्ये कोलंबियातल्या बोगोटात सुरू झाली, पेट्या पुरत नव्हत्या म्हणून. पण ती गरिबाघरची तडजोड राहिलेली नाही. २०२१मध्ये भारतासह ५ देशांतल्या चाचणीचा निष्कर्ष आला. १ ते १.८ किलोच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न बघता जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी ठेवलं, तर मृत्यू चौथाईनं कमी झाले. कुठल्याही पट्टीनं आजवर हे केलेलं नाही.

पहिल्यांदा आई खुर्चीत मागे रेलते, श्वास धरून बसते, हात कुठं ठेवू कळत नाही. बाळ उपडं, दोन्ही स्तनांच्या मधे, मान एका बाजूला, पाय बेडकासारखे. वरून कापड बांधलं की पाचेक मिनिटांत आईचे खांदे सैल होतात. पडद्यावर बघायचं असेल तर मी पडदा तिच्याकडे वळवते. बहुतेक बाळांचे आकडे तिथं पेटीइतकेच स्थिर राहतात. बापाचीही छाती चालते, शर्ट काढून या.

सेन्सर पोटावर पण लावतात का?

लावतात, आतड्याचा आणि मूत्रपिंडाचा अंदाज घ्यायला. पण पोटात वायू आणि शी असते, आतडं हलत असतं, त्यामुळे आकडा फार वरखाली होतो. दूध सुरू करायचं की थांबवायचं हे नुसत्या त्यावर ठरवत नाहीत.

सातव्यातलं जगतं आणि आठव्यातलं जगत नाही म्हणतात. आमचं आठव्यातलं आहे.

हे आपल्याकडे फार खोल रुजलेलं आहे आणि ते सरळ चुकीचं आहे. पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या बाजूचा असतो. ३३ आठवड्यांच्या बाळाला २८ आठवड्यांच्या बाळापेक्षा कितीतरी कमी त्रास होतो, त्याला ही पट्टी बहुधा लागतही नाही. सासूबाई असं म्हणत असतील तर त्यांना माझ्याकडे घेऊन या. मी मराठीत सांगेन, तोडक्यामोडक्या कन्नडमध्ये सांगेन, तेलुगू लागली तर आमच्या आयाताई आहेत. पण त्या आईच्या कानावर हे वाक्य पुन्हा पडू देऊ नका. काळजीनं तिचं दूध आटतं, हे मी डोळ्यांनी बघते.

आकडे छान होते, म्हणजे पुढे मूल व्यवस्थित वाढेल ना?

आकड्यांवरून भविष्य सांगता येत नाही. चांगले आकडे असलेल्या मुलाला चालायला उशीर झालेला मी बघितला आहे, आणि पहिल्या रात्री ५०वर अडकलेलं एक पोर आता शाळेत जातं. खरी खबर मिळते ती पुढच्या तपासण्यांत: मान कधी धरली, नजर फिरवतं का, आवाजाला वळतं का. वय मोजताना जन्मतारखेवरून न मोजता नऊ महिने पूर्ण झाले असते त्या तारखेवरून मोजा. दोन महिने आधी आलेलं मूल आठव्या महिन्यात बसायला लागलं, तर त्याचं खरं वय सहाच महिने आहे. ते वेळेवर आहे.

घरी नेल्यावर बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घेऊ का?

कोरोनाच्या वेळी घेतलेलं असेल तर ते कपाटातच राहू द्या. मोठ्यांच्या बोटाचा चिमटा बाळाच्या पायाला नीट बसत नाही आणि भलते आकडे दाखवतो. रात्री दोन वाजता ८१ बघून घाबरलेल्या घरांचे फोन मी घेतले आहेत, आणि बाळ मजेत दूध पीत असतं.

त्याऐवजी बाळाकडे बघा. दूध ओढायचं कमी झालं, हाक मारून हलवूनही जागं होत नाही, तळपाय गार पडले, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, मधेच श्वास थांबतोय, ओठ किंवा जीभ निळसर दिसते, यातलं एकही दिसलं तर १०८ला फोन करा आणि येताना बाळाला छातीशी, कपड्याच्या आत धरून आणा.

आणि डिस्चार्ज कार्ड हातात आल्यावर दारातच थांबून एक तारीख शोधा, डोळ्यांच्या तपासणीची. ३४ आठवड्यांच्या आतलं किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ जन्मानंतर ३० दिवसांच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरांनी बघायला हवं. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर २ ते ३ आठवड्यांतच. ती तारीख कार्डावर लिहिलेली नसेल तर घरी जाऊ नका. मला हाक मारा, मी लिहून घेते.